बांगडीवाल्या आशाबाईंची खुर्ची

खुर्ची बंद पडली ती पडली, पण पडावी कुठे? ना वर, ना खाली. बरोब्बर जिन्याच्या मधोमध, तीही आशाबाई तिच्यात बसलेल्या असताना आणि खाली दुकान दिवाळीच्या गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. मूल गावच्या बाया माना वर करून उभ्या, आणि आशाबाई अधांतरी, मांडीवर बांगड्यांचं खोकं घेऊन. वरचं बटण दाबलं, खालचं दाबलं. खुर्ची हूं नाही की चूं नाही. "काई नाई व, होते आता सुरू," असं त्या हसत हसत सांगत होत्या, पण खोकं छातीशी घट्ट आवळून धरलं होतं. ते बाकी कुणाला दिसलं नसेल, त्यांच्या नवऱ्याला, नथ्थूभाऊंना दिसलं. शेवटी त्यांनी शेजारच्या लटारूला हाक मारली आणि दोघांनी मिळून बाईंना उचलून वर नेलं, बिछान्यावर ठेवलं. खाली का नाही आणलं, असं कुणी विचारेल. अहो, खाली आणून मग पुन्हा वर कसं न्यायचं? लटारू काय रोज घरी सापडणार आहे?

घरच तसं होतं. खाली एकच मोठी खोली, तेच दुकान. भिंतीभर कपाटं आणि कपाटांत काचेच्या, लाखेच्या, धातूच्या बांगड्या. चूल, न्हाणी, बिछाना, सगळं वर. दोन वर्षांमागे आशाबाईंना लकवा मारून गेला. हात वाचले, जीभ तर आधीपेक्षा जोरात चालायला लागली, पण डावा पाय काही परत आला नाही. तेव्हा नागपूरला नोकरीत असलेल्या मुलाने, निकेशने, ही खुर्ची बसवून दिली. जिन्याच्या कडेने एक रूळ, रुळावर खुर्ची. हाताशी बटण, ते दाबून धरलं की माणूस बसल्या बसल्या वर किंवा खाली. पोटात बॅटरी, म्हणून लाइन गेली तरी चिंता नाही. ती खुर्ची आली आणि आशाबाई पुन्हा दुकानात बसायला लागल्या. पोरीबाळींचे हात हातात घ्यायचे, बोटं दाबून पंजा लहान करायचा आणि बोलता बोलता बांगडी कधी मनगटावर गेली ते त्या पोरीला कळूही द्यायचं नाही, हे त्यांचं काम. बांगडी भरता भरता कुणाचं लग्न जमलं, कोण माहेरी आली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं तिथेच कळायचं.

त्याच संध्याकाळी निकेशचा फोन आला. त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण मूलमध्ये अशा गोष्टी सांगायला माणसं कमी नाहीत.

"बाबा, आता पुरे झालं," तो म्हणाला. "मधातच थांबली, उद्या पाडलं आईले तं? मी उद्या संध्याकाळी येतो. खुर्ची चालत असन तं ठीक, नाई तं आईले इकडं घेऊन येतो. दुकानाचं शटर ओढून टाका."

पोरगा वाईट नव्हता हो. आईवर जीव होता म्हणूनच बोलत होता. पण नथ्थूभाऊंना नागपूर म्हटलं की एकच आठवायचं. लकव्यानंतर महिनाभर आशाबाई नागपूरच्या त्या फ्लॅटमध्ये राहिल्या होत्या. मुलगा-सून कामावर, दार बंद, बोलायला फक्त टीव्ही. नथ्थूभाऊ भेटायला गेले तर बाई टीव्हीतल्या बाईला उत्तरं देत बसलेल्या. "नाई वं, तुह्या सासूचं बरोबर हाय," असं. तेव्हा नथ्थूभाऊंनी तोंड फिरवून डोळे पुसले होते. आता ती पुन्हा तिकडे गेली तर माणूस म्हणून जाईल आणि सामान होऊन राहील, असं त्यांना वाटलं. आणि आपण? आपण इथे कुणाशी भांडायचं?

सकाळी उठल्या उठल्या त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. धम्मदीप नाव त्याचं. चंद्रपूरचा पोरगा, खुर्ची बसवायलाही तोच आला होता. "नथ्थूभाऊ, मी गडचांदूरले हाओ, एका घरी नवीन बसवून राह्यलो," तो म्हणाला. "परवाच्या आधी येणं नाई होत. पण तुम्ही तं मिलीतले मिस्त्री. एकेक पाहा, मी फोनवर हाओच. फक्त बोर्डाचं बटण बंद केल्याशिवाय कुठी हात घालू नका."

मिस्त्री म्हटल्यावर नथ्थूभाऊंची छाती जरा वर आली. उभी हयात त्यांनी धानाच्या मिलीत काढली होती. त्या धडधडाटात कान अर्धे गेले, पण हात शाबूत होते, आणि एक पद्धत शाबूत होती. मशीन बंद पडलं की आधी हात मागे घ्यायचे. मग वीज जिथून आत येते तिथून निघायचं आणि तांदूळ जिथून बाहेर पडतो तिथपर्यंत जायचं. मधलं काही गाळायचं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशाने दुरुस्त झालं ते कळत नाही आणि मशीन पुन्हा फसवतं.

तर ते बोर्डापासून निघाले. बोर्डात वीज होती. बोर्डातून चार्जरमध्ये. चार्जरचा हिरवा दिवा लख्ख. "चार्जिंग बराबर हाय," असं ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले आणि पुढे गेले. इथेच त्यांचं चुकलं, पण ते त्यांना दुपारपर्यंत कळायचं नव्हतं. खुर्चीची किल्ली फिरवून पाहिली, चालू होती. बैठक तिरपी राहिली की ही खुर्ची हलत नाही, हे धम्मदीपने शिकवलं होतं. बैठक सरळ होती. पट्टा ठीक. मग पाय ठेवायची फळी. तिच्याखाली काही अडकलं की खुर्ची थांबते, माणसाचा पाय चेंगरू नये म्हणून. नथ्थूभाऊ जिन्यावर पालथे झाले, गाल पायरीला लावला, आणि पाहतात तर काय, फळीच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा!

"सापडलं! आशे, सापडलं!" ते ओरडले. "तुह्याच बांगडीनं घात केला!"

"माह्या बांगडीनं?" वरून आवाज आला. "आतापरोत कोण्या गोष्टीत माह्यं नाव नाई आलं ते सांगा!"

चिमट्याने तुकडा काढला, बटण दाबलं, आणि रिकामी खुर्ची गुरगुरत खाली निघाली. नथ्थूभाऊंनी वर बघून हात जोडले. हात खाली येतात न येतात तोच खुर्ची कण्हली आणि थांबली. पुन्हा बटण, पुन्हा वीतभर, पुन्हा बंद. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खुर्चीला अशी एक शिवी दिली की वर आशाबाईंनी "अवो, सणासुदीचे दिवस हायेत!" म्हणून दटावलं.

फोन लावला. धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "काल बाईनं वरचं बटण दाबलं तेव्हा वर तरी गेली होती काय?"

"नाई. ना वर, ना खाली."

"मंग ते बांगडी नोय. फळीखाली अडकलं तं खुर्ची खाली जात नाई, पण वर जाते. आराम भेटला म्हणून बॅटरीत जराशी जान आली, तिच्यावरच ते आता हालली. बॅटरी पाहा."

पोराचं बोलणं नथ्थूभाऊंना पटलं. पटलं याचा थोडा रागही आला, पण पटलं. खुर्चीला दम खाऊ देत, थांबत थांबत, त्यांनी ती अगदी खाली, रुळाच्या टोकाला तिच्या जागेवर आणून उभी केली. मिलीतला जुना मीटर पेटीतून काढला. झाकण उघडून बॅटरीला टोकं लावली. काटा उठला आणि अर्ध्यावरच लोळला. बॅटरी उपाशी होती.

आता गंमत बघा. चार्जरचा दिवा हिरवा, म्हणजे तो जेवण वाढतोय. बॅटरी उपाशी, म्हणजे हिच्या तोंडात घास जात नाही. मग वाढलेलं जातं कुठे? नथ्थूभाऊ पायरीवर बसले आणि डोकं खाजवायला लागले. ऊन दुकानाच्या उंबऱ्यावरून आत आलं होतं. निकेश एव्हाना निघालाही असेल.

"भाऊ, खुर्ची आता जाग्यावर उभी हाय ना?" धम्मदीपने फोनवर विचारलं. "टीं-टीं वाजते काय?"

"काई वाजत नाई," नथ्थूभाऊ ठामपणे म्हणाले.

"वाजून राह्यलं ना!" वरून आशाबाई ओरडल्या. फोनचा आवाज मोठा ठेवल्याशिवाय नथ्थूभाऊंना ऐकू येत नसे, त्यामुळे सगळं संभाषण अर्ध्या गल्लीला कळत होतं. "तो रातकिडा! कवापासून सांगून राह्यली, जिन्यात रातकिडा हाय म्हणून! तुम्हीच तं झाडू मारला होता त्याले!"

खरंच मारला होता. धान कापणीला आलं की मूलमध्ये घरोघरी किडे, दिव्यावर किडे, भाजीत किडे. बाई म्हणाली जिन्यात रातकिडा ओरडतो, म्हणून नथ्थूभाऊंनी झाडू घेऊन जिन्याखालचा कानाकोपरा बडवून काढला होता, वरून फवाराही मारला होता. ऐकू तर त्यांना काहीच आलं नव्हतं. मिलीने नेमका बारीक आवाज ऐकायचा कान नेला होता.

फोनवर धम्मदीप आधी हसला, मग म्हणाला, "भाऊ, तो रातकिडा खुर्ची हाय. जाग्यावर उभी राहूनही करंट भेटत नसन तं ते अशीच बोंबलते. कवापासून वाजते, बाई?"

"दसऱ्यापासून!" आशाबाईंनी वरून पक्कं सांगितलं. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रीता आली होती, तिनंही आयकलं."

रीता म्हणजे त्यांची भाची. पण नथ्थूभाऊंना पुढचं काही ऐकू आलं नाही. दसरा म्हटल्याबरोबर ते उठले, मीटर तिथेच पायरीवर ठेवला आणि खुर्चीच्या मागे, रुळाच्या टोकाशी वाकले. तिथे पितळेसारख्या दोन चिंचोळ्या पट्ट्या असतात. खुर्ची येऊन त्यांना टेकली की त्यांच्यातून बॅटरीत वीज जाते. आता त्या पट्ट्या पितळेसारख्या दिसत नव्हत्या. त्यांच्यावर शेंदूर होता. तेलात कालवलेला, जाड हाताने लावलेला, वाळून टणक झालेला शेंदूर, आणि त्यात चिकटलेले तांदळाचे चार दाणे.

तो त्यांनीच लावला होता. मिलीत दसऱ्याला मोटारीपासून चाळणीपर्यंत प्रत्येक मशीनला शेंदूर लागायचा, नारळ फुटायचा, आणि तो मान मिस्त्रीचा. मिल सुटली, मान सुटला. यंदा दसऱ्याला घरात पूजायला अवजार म्हणून काय होतं? पाना, पक्कड आणि ही खुर्ची. आशाबाई वर निजल्या असताना त्यांनी खुर्चीला फूल वाहिलं आणि खुर्ची जिथे येऊन टेकते तिथे, खाली पायथ्याशी आणि वर माथ्याशी, दोन्हीकडे भरपूर शेंदूर लावला. कंजुषी केली नाही. हात जोडून म्हणालेसुद्धा होते, बाई तुझ्या भरवशावर आहे, सांभाळ. आणि सांभाळायचं सोडून आपणच तिच्या तोंडाला कुलूप घातलं!

लाज वाटली, हसू आलं, आणि दोन्हींच्या खाली एकदम हलकं वाटलं. काही तुटलेलं नव्हतं, काही जळलेलं नव्हतं. पण त्यांनी लगेच उडी मारली नाही. बांगडीने एकदा फसवलं होतं. बटण दाबून खुर्ची वीतभर वर सरकवली, मीटरची टोकं शेंदरावर ठेवली. काटा जागचा हलला नाही. मग टोकांनीच शेंदूर जरासा खरवडला आणि पुन्हा ठेवली. काटा टुणकन वर.

"धम्मदीप," ते फोनमध्ये हळू आवाजात म्हणाले, "पट्ट्यांवर शेंदूर हाय."

मग तो पोरगा जपून म्हणाला, "पुसावा लागन, भाऊ. रॉकेल नका लावू, पॉलिश पेपरही नको. बोर्ड बंद करा आन सॅनिटायझर फडक्यावर घेऊन पुसा."

बोर्ड बंद केला, फडकं हातात घेतलं, आणि नथ्थूभाऊंचा हात अडला. पूजेचा शेंदूर, तो असा फडक्याने पुसायचा? त्यांनी जिन्यावरून वर हाक मारली, "आशे, दसऱ्याचा शेंदूर हाय व. पुसू काय?"

शेंदूर म्हटल्यावर बाईंना सगळं उलगडलं असावं. मग त्या म्हणाल्या, "पुसा. देव काई तुमच्यासारखा लवकर रागावत नाई."

त्यांनी पुसला. खालचा पुसला, वर जाऊन वरचाही पुसला, खुर्चीच्या पोटाखालचे दोन टेकेही पुसले, फडकं लाल होईपर्यंत. पट्ट्या चमकायला लागल्या. बोर्ड चालू केला, खुर्ची नेऊन जागेवर टेकवली, आणि ते कान लावून उभे राहिले. काय उपयोग? त्यांना आधीही ऐकू येत नव्हतं आणि आताही येत नव्हतं. चार्जरचा दिवा तेवढा हिरव्याचा लाल झाला; हिरवा म्हणजे नुसतं ताट मांडलेलं, लाल म्हणजे घास खरंच पोटात जातोय. त्यांनी वर पाहिलं.

"अवो!" आशाबाईंचा आवाज आला, इतका मोठा की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. "गेला! रातकिडा गेला!"

नथ्थूभाऊ पायरीवर बसले आणि रडले. बायकोला दिसत नव्हतं म्हणून मनसोक्त रडले, आणि मग त्याच लाल फडक्याने डोळे पुसायला निघाले होते, ते वेळेवर ध्यानात आलं म्हणून बरं.

पण अजून खुर्ची भुकेली होती. धम्मदीपने बजावलं होतं, बॅटरीला पोटभर खाऊ द्या, मग आधी रिकामी चालवा, मग वजन ठेवून चालवा, आणि मगच बाईंना बसवा. दुपार अशी लांबली की विचारू नका. नथ्थूभाऊंनी वर जाऊन भात टाकला, आशाबाईंना वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले. निकेशचा फोन आला, नागभीड ओलांडलं म्हणून. "ये बाप्पा, सावकाश ये," असं नथ्थूभाऊ इतक्या प्रेमाने म्हणाले की पोराला संशय आला असेल.

मग त्यांनी बटण दाबलं. रिकामी खुर्ची वर गेली, खाली आली. न कण्हता. आता वजन. तांदळाचं पोतं ठेवावं म्हणून ते इकडेतिकडे बघू लागले, तर वरून आशाबाई म्हणाल्या, "पोतं काऊन? तुम्हीच बसा ना. मले बसवता, मंग तुमचं काय मोत्याचं अंग हाय?"

आजवर नथ्थूभाऊ त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. धडधाकट माणसाने कशाला बसायचं, असं ते म्हणत. आता बसले. पट्टा लावला, बटण दाबलं, आणि जमीन पायाखालून सुटली तेव्हा त्यांनी दांडा घट्ट धरला. जिन्याच्या मधोमध, जिथे काल आशाबाई अडकल्या होत्या तिथे आल्यावर, त्यांनी खाली बघितलं. केवढं खोल दिसत होतं! इथे ती बसून हसत होती, चार बायांसमोर, आणि मी खाली उभा राहून लटारूला हाका मारत होतो. त्यांना पहिल्यांदा कळलं तिला काय वाटलं असेल ते. खुर्ची न थांबता वर गेली. बिछान्यावरून आशाबाईंनी त्यांना खुर्चीतून येताना पाहिलं आणि पोट धरून हसल्या. "अगबाई! नवरदेव आले!"

"बस झालं हासणं. चाल, गिऱ्हाईक खोळंबलं हाय," ते म्हणाले. त्यांनी तिला कवेत धरून खुर्चीत बसवलं, पट्टा दोनदा तपासला. खुर्ची खाली निघाली आणि नथ्थूभाऊ शेजारून एकेक पायरी उतरत राहिले, हात तिच्या खांद्यावर ठेवून. अर्ध्यात आल्यावर आशाबाईंनी डोळे मिटले. खुर्ची थांबली नाही. डोळे उघडले तेव्हा त्या खाली होत्या.

निकेशची गाडी दारात थांबली तेव्हा दुकानात बसायला जागा नव्हती. खबर पसरायला वेळ लागत नाही. बाई खाली आली म्हटल्यावर काल परत गेलेल्या सगळ्या आल्या होत्या. गुणाबाई आपल्या सुनेला घेऊन आली होती, दोन पोरी तर शाळेच्या कपड्यांतच. निकेश हातात मोठी रिकामी बॅग घेऊन दारात उभा राहिला. आईचे कपडे भरायला आणली होती बिचाऱ्याने. आशाबाईंच्या हातात गुणाबाईच्या सुनेचा हात होता, त्यांनी मान वर केली नाही. "आला काय, बाबू? थांब, एवढी बांगडी जाऊ दे."

त्याने खुर्ची वर नेली, खाली आणली, वाकून पाहिलं, पुन्हा वर नेली. नथ्थूभाऊ मागे हात बांधून उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. शेवटी त्याने विचारलंच, "झालं काय होतं, बाबा?"

वायर ढिली होती असं सांगायचं नथ्थूभाऊंनी दुपारीच ठरवून ठेवलं होतं.

"काय होणार?" आशाबाईच बोलल्या, बांगडीवरची नजर न काढता. "दसऱ्याले तुह्या बाबांनं माह्या खुर्चीले शेंदूर लावला. मले काई होऊ नये म्हणून. माणूस मनातलं तोंडानं बोलत नाई, मंग असं कुठीतरी लावून ठेवते. जरा जास्त लागला, एवढंच."

दुकानातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नथ्थूभाऊंना बारीक आवाज ऐकू येत नसत, पण हे सगळं ऐकू आलं, शब्दन् शब्द, आणि कान लाल झाले. निकेशने बापाकडे बघितलं.

"मंग पुढच्या दसऱ्याले?" त्याने एवढंच विचारलं.

"पुढच्या दसऱ्याले मलेच लावतीन, काऊन जी?" आशाबाई म्हणाल्या, आणि गुणाबाईच्या सुनेच्या मनगटावर शेवटची बांगडी सरकली. मग त्यांचं लक्ष बॅगकडे गेलं. "हे एवढी मोठी बॅग कायले आणली रे रिकामी? बरं झालं पण. परत जातानी घेऊन जा, आन तुळशीच्या लग्नाले येशीन तं हिरव्या बांगड्या भरून आण. तिकडच्या इतवारी बाजारातल्या. लग्नं सुरू होतीन, माह्या इथचा माल पुरत नाई."

"आणतो," निकेश म्हणाला. त्याने बॅग कोपऱ्यात ठेवली आणि बाबांना चहा टाकायला सांगितलं.